तिसऱ्या पात्यावर अमेरिका सरकार

आमच्या विहारात अमेरिका सरकारच्या नावाचा पंखा आहे. अमेरिका सरकारला हे माहीत नाही.

पंखा छताचा, तीन पात्यांचा. पहिल्या पात्यावर लाल रंगात लिहिलंय, 'सप्रेम भेंट – कु. प्रतिमा रंगारी'. दुसऱ्यावर, 'सुपुत्री श्री बळीराम रंगारी, अधारताल'. तिसऱ्यावर, 'सौजन्य से : अमेरिका सरकार'. आमचं शहर हिंदी मुलखातलं, म्हणून सगळं हिंदीत. गोहलपुरच्या पेंटरनं अक्षरं काढताना हात आखडता घेतला नाही. पंखा फिरत असला की नुसतं एक गुलाबी वर्तुळ दिसतं. थांबला की सगळं वाचता येतं, अगदी चप्पलस्टँडपासून. हे पुढे फार महागात पडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

प्रतिमा माझी मोठी बहीण, बळीराम माझे पप्पा. मी विनय. माझं नाव पंख्यावर नाही, कारण चौथं पातं नव्हतं.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं, सप्टेंबर महिना. दीदी ओहायोत एम.एस. करत होती, पप्पा सरकारी फॅक्टरीतून रिटायर झाले होते, आणि मी मोबाइलवर बी.कॉम. करत होतो, म्हणजे झोपून होतो. एका दुपारी समोरचे चौबेजी मास्क हनुवटीवर घेऊन आमच्या फाटकाशी आले. हातात लांबट पाकीट.

"बळीरामजी, अमरीका से सरकारी चिट्ठी है. हमारे यहाँ डाल गया."

पोस्टमनची चूक नव्हती. तिकडे दीदी दर सहा महिन्यांनी खोली बदलायची, म्हणून टॅक्सचा फॉर्म भरताना तिनं पत्ता आपला घरचा टाकला होता, आणि आपल्याकडच्या सवयीनं पूर्ण टाकला होता. अमेरिका सरकारनंही तो विश्वासानं जसाच्या तसा छापला होता. त्यात शेवटी 'चौबेजी के घर के सामने' असं होतं.

पाकीट चौबेजींच्या देखत उघडलं. आत चेक. बाराशे डॉलर.

इथे चौबेजींबद्दल सांगायला पाहिजे. ते आणि पप्पा एकाच फॅक्टरीत, एकाच सेक्शनला तीस वर्षं होते. चौबेजी माणूस वाईट नाही. आईला ताप आला तेव्हा स्वतःच्या स्कूटरवर औषध आणून दिलं त्यांनी. पण पप्पांना हाक मारायची तर 'क्यों सरकारी दामाद' अशीच. चहा पुढे करताना, पगाराच्या दिवशी, प्रमोशनच्या दिवशी तर नक्कीच. पप्पा दरवेळी हसायचे. ते हसणं मला पाठ आहे. त्यात आवाज येतो, दात दिसत नाहीत.

तर पप्पांनी तिथेच दीदीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती. दीदी डोळे चोळत म्हणाली, "हाव पप्पा, कोरोनाचे पैसे आहेत ते. सरकार सगळ्यांना देऊन राहिली. माझ्या रूममेटलाही आले."

"बेटा," पप्पा अचानक हिंदीत म्हणाले, "इसमें कास्ट सर्टिफिकेट लगा था क्या?"

"काय? इथे कोण मागते कास्ट सर्टिफिकेट?"

"हिंदी में बोल, बेटा."

"नहीं लगा पापा! झोपू द्या ना मला."

पप्पांनी फोन चौबेजींच्या कानाजवळ धरला होता. चौबेजींनी मान हलवली. "बढ़िया है," म्हणाले, आणि दामाद न म्हणता घरी गेले. पप्पा फाटकाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी शर्ट बदलला आणि ऑटो करून नेपियर टाउनला गेले.

नेपियर टाउनला दयारामचं लॅमिनेशनचं दुकान आहे.

आमच्या घरात जे जे महत्त्वाचं, ते ते लॅमिनेट केलेलं आहे. पप्पांचं जातीचं प्रमाणपत्र, दीदीची सगळी मार्कशीटं, रेशन कार्ड, आई-पप्पांची लग्नपत्रिका. माझं नववीचं मार्कशीट तेवढं मोकळं ठेवलंय, जमल्यास वाळवीनं खावं म्हणून. चेक बँकेत टाकायचा असतो हे पप्पांना माहीत होतं. पण हा चेक त्यांच्या लेखी चेक नव्हताच. एका सरकारनं काही न विचारता आपल्या पोरीला 'घे' म्हटलं, त्याचा हा दाखला होता. आणि दाखल्याला पाणी लागू नये.

संध्याकाळी चेक बाबासाहेबांच्या फोटोखाली फ्रेममध्ये लागला. आई म्हणाली, "अहो, बँकेत घेतील का असा?" पप्पा म्हणाले, "लीला, घाई काय आहे?"

आता पंखा. कमाईचा विसावा हिस्सा समाजाला द्यावा अशी आमच्यात शिकवण आहे. बहुतेक लोक ती ऐकून मान डोलावतात. पप्पा खरंच देतात. दीदीच्या बाराशे डॉलरचा विसावा हिस्सा त्यांनी पेन्शनमधून आगाऊ काढून दिला, विहारात उकाडा फार म्हणून. कमिटीचे अध्यक्ष शालिग्रामजी यांनी दोन दिवसांत पंखा आणला, नावं रंगवून घेतली, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पप्पांचा सत्कार ठेवला. आजवर विहाराला दान बऱ्याच ठिकाणांहून आलं, पण परदेशी सरकारकडून पहिल्यांदाच, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. मी म्हटलं, "शालिग्रामजी, तिसऱ्या पात्यावर अमेरिकेचा झेंडाही काढा." ते गंभीरपणे म्हणाले, "जागा नाही पुरली बेटा."

पप्पांनी जन्मात कुणाला आपल्या कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. यावेळी रस्ता ओलांडून गेले आणि चौबेजींना बोलावून आले.

सत्काराला दोन दिवस होते. जेवणं चालली होती. दीदीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिनं पहिलंच वाक्य असं टाकलं की आईचा घास हातातच राहिला.

"पप्पा, तो चेक बँकेत नाही ना टाकला?"

"नाही बेटा. सुरक्षित आहे."

"थँक गॉड. तो परत करावा लागते."

मग तिनं सगळं सांगितलं. बाहेरच्या देशातून आलेल्या विद्यार्थ्यांचा टॅक्सचा फॉर्म वेगळा असतो. तिनं आणि तिच्या रूममेटनं नेटवरच्या एका फुकटच्या प्रोग्रॅमवर भरला होता. प्रोग्रॅमनं विचारलं, तू अमेरिकेत राहतेस का? दीदी त्या वेळी अमेरिकेतच, पलंगावर बसून होती, म्हणून तिनं हो म्हटलं. पण तिथल्या टॅक्सच्या कायद्यानं विद्यार्थी पहिली पाच वर्षं तिथे राहूनही तिथे राहत नसतो. प्रोग्रॅमनं तिला तिथल्याच लोकांचा फॉर्म दिला, सरकारनं तो फॉर्म पाहिला, तिला आपलं समजलं आणि मदत पाठवली. आता कॉलेजच्या ऑफिसनं सगळ्या बाहेरच्या पोरांना पत्र काढलं होतं. ज्यांना असे पैसे आले त्यांनी फॉर्म सुधारून पुन्हा भरावा आणि चेक परत पाठवावा. नाही तर पुढे व्हिसाच्या वेळेस प्रश्न निघू शकतो.

पप्पांनी हात धुतला. जेवण अर्धं होतं.

"म्हणजे आपण अपात्र होतो?"

"हाव पप्पा. पात्र नव्हती मी. चूक झाली."

'अपात्र' हा शब्द आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. पप्पांचं अर्धं आयुष्य पात्रतेचे कागद गोळा करण्यात गेलं. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स, सगळ्यांवर शिक्का. जे मिळालं ते हक्काचं होतं हे दाखवायला कपाटाचा एक अख्खा कप्पा भरला होता. आणि हे जे पहिल्यांदा कागदाशिवाय आलं, तेच नेमकं आपलं नव्हतं.

दीदी पुढे वाचत होती. "चेकच्या मागे पेनानं 'व्हॉइड' लिहायचं. घडी करायची नाही. पिन मारायची नाही. क्लिप लावायची नाही. अन् कशासाठी परत करतो ते थोडक्यात लिहायचं."

"लॅमिनेशनबद्दल काही लिहिलं आहे काय?" पप्पांनी विचारलं.

"लॅमिनेशन? काहून?"

मी मोबाइल उचलला आणि कॅमेरा हळूहळू भिंतीकडे वळवला.

ओहायोत दीदीनं चेहरा स्क्रीनला चिकटवला. मग दीदी म्हणाली, "विनय, तू हसून राहिला आहेस ना बे?" मी हसत नव्हतो. पहिल्यांदाच.

रात्री आई म्हणाली, "सत्कार रद्द करा. तब्येतीचं सांगा." पप्पा म्हणाले, "खोटं कशाला? तिथेच सांगतो माइकवर. माझ्याकडून पंखा लागला, माझ्याकडूनच कळू दे." त्यांनी भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. भाषण चांगलं होतं. तीनच वाक्यं होती.

सत्काराच्या दिवशी विहारात सगळे मास्क लावून अंतर ठेवून बसले होते, म्हणजे पहिली दहा मिनिटं. पंखा पूर्ण वेगानं गुलाबी फिरत होता. चौबेजी पहिल्या रांगेत. शालिग्रामजींनी पप्पांना शाल घातली, पुष्पगुच्छ दिला आणि माइक दिला.

"मी एक सांगतो," पप्पा म्हणाले. "हा पैसा आम्ही अमेरिकेला परत करून राहिलो."

हेच पहिलं वाक्य होतं. दुसरं कुणी पुरतं ऐकलं नाही. टाळ्या अशा पडल्या की बाहेरच्या गाईनं आत डोकावून पाहिलं.

"नाही, नाही, ऐका," पप्पा म्हणाले. "परत करावा लागून राहिला..."

टाळ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वा रे वाघा!"

"माझी मुलगी त्याला पात्र नव्हती..."

शालिग्रामजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माइक जवळजवळ हिसकावला आणि पाहुण्यांसाठी हिंदीत गरजले, "देखिए यह विनम्रता! अमरीका की सरकार पैसा दे रही है, और हमारा आदमी कहता है, हम इसके पात्र नहीं! लौटा दिया! डॉलर लौटा दिया!"

तेव्हा चौबेजी उठले. त्यांना मराठी येत नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते शालिग्रामजींचं. ते पुढे आले, त्यांनी मास्क काढला आणि पप्पांचे दोन्ही हात धरले.

"बळीरामजी, हम तीस साल आपको दामाद-दामाद कहते रहे. माफ कर दो भाई. आप लेने वालों में हैं ही नहीं. हमसे आपको पहचानने में गलती हुई."

मी बाजूलाच मोबाइलवर शूटिंग करत होतो, म्हणून मला नीट दिसलं. पप्पांनी तोंड उघडलं. तिसरं वाक्य, की पैसे चुकून आले होते, अजून बाकी होतं. हिंदीत ते सांगायला फार तर एक श्वास लागला असता. पण समोर चौबेजींचे ओले डोळे होते, आणि हे ऐकायला पप्पा तीस वर्षं थांबले होते.

पप्पांनी तोंड मिटलं. हात जोडले.

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. मी तो कुणालाही फॉरवर्ड केला नाही, आणि माझ्यासारख्या माणसासाठी हा त्याग आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रेम उघडली. पेनानं प्लास्टिकवर लिहिलं जात नव्हतं. मार्करनं लिहिलं, ते अंगठा लागताच पुसलं गेलं. मी चेक घेऊन दयारामकडे गेलो. तो दुखावला. "निकलेगा नहीं भैया. पानी में डालो, नाली में डालो, हमारा लॅमिनेशन निकल जाए तो पैसा वापस." मी म्हटलं, "पैसा वापस ही तो करना है." त्याला ते कळलं नाही आणि मला पुढे सांगावंसं वाटलं नाही.

शेवटी पप्पांनी पत्र लिहिलं. थोडक्यात लिहायचं होतं. पप्पांनी फॅक्टरीतल्या अर्जासारखं लिहिलं, 'सविनय निवेदन है कि' पासून. मी इंग्रजी करत होतो. त्यात होतं की सदर चेक चुकीनं प्राप्त झाला, मुलीची चूक अजाणतेपणी झाली, लॅमिनेशन केवळ संरक्षणासाठी करण्यात आलं, त्यात कोणताही दुष्ट हेतू नव्हता, आणि वस्तू सुस्थितीत परत करण्यात येत आहे. खाली सही केली. मग विचार करून सहीखाली लिहिलं, 'लज्जित'. मी म्हटलं, "पप्पा, तिथे 'आपला विश्वासू' असं येते." म्हणाले, "जे आहे ते लिही."

दीदीनं तिकडून सुधारलेला फॉर्म भरला. पाकीट स्पीड पोस्टानं गेलं. अमेरिकेचा प्रश्न संपला.

अधारतालचा नाही संपला. चौबेजी आता दर रविवारी वंदनेला यायला लागले. पप्पांच्या शेजारीच बसायचे. कुणी नवीन माणूस आला की वर बोट दाखवून सांगायचे, "वो जो लिखा है ना अमरीका सरकार, उसका पैसा इन्होंने लौटा दिया." पप्पा जमिनीकडे बघायचे. लोकांना ती विनम्रता वाटायची. घरी आले की पप्पा कमी जेवायचे.

ते शालिग्रामजींकडे जाऊन म्हणाले, "नावं पुसून टाका." शालिग्रामजी म्हणाले, "दान दिलं की दिलं. अन् पुसायचं काहून? हा तर आपला इतिहास आहे." शाल परत द्यायला गेले, तर म्हणाले, "शाल परत घ्यायची तरतूद नाही कमिटीत."

चेकला निदान परत पाठवायचा पत्ता होता.

मग थंडी सुरू झाली, आणि थंडीत पंखे बंद असतात. पहिल्याच थंड रविवारी सगळ्या विहारानं वर बघून तिन्ही पाती सावकाश वाचली. पुढच्या रविवारपासून पप्पा सगळ्यांच्या आधी जायचे आणि पंखा पाचवर करायचे. लोक मफलर बांधून बसले. कुणी बंद करायला उठलं की पप्पा म्हणायचे, "हवा खेळती पाहिजे. कोरोना आहे." उठलेला माणूस मफलर आवळून परत बसायचा. मला वाटतं, त्या वर्षी अख्ख्या शहरात आमच्याइतकं हवेशीर विहार दुसरं नसेल. बारा-पंधरा लोकांना सर्दी झाली आणि ते घाबरून टेस्ट करून आले.

सहा डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी सगळा समाज पांढऱ्या कपड्यांत आला. चौबेजीही पांढरा कुर्ता घालून आले. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावायच्या होत्या. पंखा पाचवर. पप्पा स्विचबोर्डाला पाठ लावून उभे, अंगावर सत्काराची शाल, कारण स्वेटर धुवायला होता.

मेणबत्ती लावली की विझायची. दुसरी लावली, तीही. शालिग्रामजींनी हाताचा आडोसा केला, तर त्यांचा हात भाजला. अर्धी काडेपेटी संपली. फोटो अंधारात. त्या दिवशी, त्या फोटोपुढे, माझ्या बापामुळे एक ज्योत उभी राहत नव्हती. मला वाटलं, आता जमीन फाटावी आणि मला घ्यावं, पप्पांनाही घ्यावं, जागा उरली तर पंखाही.

भिंतीला टेकून कुसुमबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. ह्या विहाराच्या पायाच्या विटा त्यांनी डोक्यावर वाहिल्या आहेत, त्यामुळे त्यांना कुणी गप्प करत नाही.

"बळीराम," त्या म्हणाल्या, "थंडीनं मरून राहिली ना मी. बंद कर बा तो अमेरिकेचा पंखा."

पप्पांनी पंखा बंद केला.

पंख्याला थांबायला वेळ लागतो. गुलाबी वर्तुळ फाटत गेलं, अक्षरं सुटी झाली, सगळ्यांच्या माना वर. प्रतिमा रंगारी, बळीराम रंगारी, अमेरिका सरकार. मग पुन्हा प्रतिमा. खाली मेणबत्ती लागली आणि टिकली.

कुसुमबाई वर बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. "मले एक सांग," म्हणाल्या, "तू त्या दिवशी माइकवर काहीतरी सांगत होता, अन् हे सगळे टाळ्या वाजवत होते. मले पुरतं ऐकूच आलं नाही. पोरगी पात्र नव्हती म्हणे?"

"नव्हती, काकू."

"म्हणजे ते पैसे आपले नव्हतेच?"

"नव्हते. चुकून आले होते. परत करावेच लागत होते. मी काही सोडून दिले नाहीत."

"मंग चुकलं."

"चुकलं, काकू."

हे सगळं मराठीत होतं, म्हणून चौबेजी पप्पांकडे वाकले. "क्या कह रही हैं अम्मा?"

आता पप्पा काहीही सांगू शकत होते. थंडी वाजते म्हणतात, एवढं पुरलं असतं. मी असतो तर तेच सांगितलं असतं, वर एक जोक केला असता.

"कह रही हैं," पप्पा म्हणाले, "कि पैसा हमारा था ही नहीं. गलत फॉर्म भरा था बेटी ने. लौटाना ही पड़ता, चौबेजी. उस दिन आपने जो कहा, वो हमने... सुन लिया. सुनना नहीं था."

चौबेजींनी नजर मेणबत्तीकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाचता आलं नाही, आणि वाचायची इच्छाही नव्हती. मला वाटलं, आता 'दामाद' येणार.

"अच्छा," ते म्हणाले. मग शालीकडे बोट करून, "तो फिर ये शाल?"

"हाँ," पप्पा म्हणाले. "ये भी."

त्यांनी शाल काढली. काढली खरी, पण ती घेऊन उभं कुठे राहायचं ते त्यांना कळेना. शालिग्रामजी दुसरीकडे बघत होते. डिसेंबरच्या थंडीत पप्पा नुसत्या पांढऱ्या शर्टात, हातावर शाल घेऊन, आपल्याच नावाच्या पात्याखाली उभे होते.

"आण इकडे," कुसुमबाई म्हणाल्या.

त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"टोचते," म्हणाल्या, आणि परत दिली नाही.